पार्किंगच्या जागेतली खोली

नगररचना खात्याच्या चार नंबरच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला सगळं शहर खिडकीताई म्हणायचं. सव्वीस वर्षं ती त्याच खिडकीत बसली. साहेब आले, साहेब गेले, एक साहेब तर रजेवर गेले ते परत आलेच नाहीत, पण खिडकीताई आपली जागेवर. घर वाढवायचंय, दुकान काढायचंय, गच्चीवर पत्रा टाकायचाय, कुणाचं काहीही असो, माणूस आधी तिच्यापुढे उभा राहायचा. नियमांचं पुस्तक विटेएवढं जाड, आणि त्यातली भाषा अशी की लिहिणाऱ्यालाही ती पुन्हा वाचायची हिंमत होऊ नये. ताई ते पुस्तक माणसांच्या भाषेत सांगायची.

“हे बघा काका,” ती म्हणायची, “शहराचे तुकडे पाडलेत. एका तुकड्यात नुसतं राहायचं, दुसऱ्यात राहायचं आणि दुकानही थाटायचं, तिसऱ्यात फक्त कारखाने. तुमचं घर कुठल्या तुकड्यात येतं त्यावर सगळं ठरतं. मजले किती चढवायचे, कुंपणापर्यंत मोकळं किती सोडायचं, गाडीला जागा ठेवायची की नाही. जमीन तुमची, मान्य. पण तिच्यावर काय करायचं ते हा नकाशा सांगणार.”

नकाशा म्हणजे तिच्या पाठीमागच्या भिंतीवरचा, पार छताला टेकलेला, रंगीबेरंगी. नवा नकाशा छापायला खात्याला कधी सवड झाली नाही. मग एखाद्या गल्लीचा विभाग बदलला की त्या गल्लीच्या आकाराचा नव्या रंगाचा कागद कापायचा आणि जुन्यावर चिकटवायचा, अशी पद्धत पडली. कापायचं आणि चिकटवायचं काम ताईकडे. सव्वीस वर्षांत त्यावर इतकी ठिगळं चढली होती की मूळ नकाशा कुठे आहे ते शोधावं लागे. आणि म्हणूनच ताईचा एक नेम होता. कुणी पत्ता सांगितला की ती खुर्चीतून उठायची, स्टुलावर चढायची, त्या घरावर बोट ठेवायची आणि मगच तोंड उघडायची. उत्तर पाठ असलं तरी. गुडघे कुरकुरायला लागले तरी. खात्यात नवीन माणूस लागला की पहिल्याच दिवशी ती त्याला दटावायची, “बसल्या जागी उत्तर द्यायचं नाही. उठायचं, बघायचं, मग सांगायचं. समोरच्याचं आख्खं घर त्या उत्तरावर उभं असतं.”

असं सांगणारी बाई. आता तिनं काय केलं ते ऐका.

ताईला एकच धाकटी बहीण. तिचा नवरा बसड्रायव्हर. दोघांचं घर अरुंद गल्लीत, काडेपेटीवर काडेपेटी ठेवावी तसं. खाली गाडीची जागा आणि तिला शटर, वर स्वयंपाकघर आणि एक खोली, तिच्यावर आणखी एक खोली. गाडी त्यांनी जन्मात घेतली नव्हती. त्या जागेत मोडका पंखा, रंगाचे डबे आणि फेकवत नाही म्हणून ठेवलेलं सगळं पडून असायचं.

त्यांना एकुलता एक मुलगा. लहानपणी नाव पडलं टिल्लू, पुढे सहा फूट वाढला तरी टिल्लूच राहिला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. एका इमारतीत चौथ्या मजल्यावरून लिफ्टच्या खड्ड्यात पडला. वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

तिथून पुढे अडीच वर्षं तो वर, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. जिना इतका चिंचोळा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागे फिरावं. खाली उतरायचं ते फक्त दवाखान्यात जायला. तेव्हा बाप त्याला पाठुंगळी घ्यायचा आणि शेजारचा शिंपी मागून पाय धरायचा. सहा फुटांच्या पोराला साठीला आलेला बाप पाठीवर घेऊन उतरतोय हे बघवायचं नाही. धाकटी तेवढ्या वेळात उगाच भांडी घासत बसायची. टिल्लू मात्र बापाच्या कानाशी बडबड करायचा. “लोकांना वर-खाली करण्यात उमर घातली बाबा, आता माझाच लिफ्टमन दमला.” एरवी तो खिडकीत बसायचा. म्हणायचा, “मावशी, गल्लीतल्या लोकांचे चेहरे विसरलो बघ. टकलं तेवढी ओळखतो.”

ताईचा जीव होता त्याच्यावर. तिचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दर रविवारी ती त्याच्याकडे यायची.

अशाच एका रविवारी चहा चालला होता. टिल्लू कुणाची तरी नक्कल करत होता आणि ताई हसून हसून डोळे पुसत होती. धाकटीनं मधेच विचारलं, “ताई, खालच्या गाडीच्या जागेत टिल्लूला खोली केली तर? नियमात बसेल का गं?”

“बसतं की,” ताई म्हणाली. “तुमची गल्ली जुन्या वस्तीत. जुन्या वस्तीत गाडीच्या जागेची सक्ती नाही. आतल्या आत बदल करायला परवानगीसुद्धा नको. खुशाल करा.”

“नक्की ना? उद्या एकदा नकाशात बघशील?”

“अगं, नकाशा मला तोंडपाठ आहे. परक्यांसाठी उठते मी स्टुलावर चढायला. तुझ्यासाठी कशाला उठू?”

सगळे हसले. टिल्लू सर्वांत जास्त हसला.

या बोलण्याच्या सात आठवडे आधी त्या गल्लीची विषम नंबरांची बाजू जुन्या वस्तीतून काढून मिश्र वस्तीत टाकलेली होती. मिश्र वस्तीत प्रत्येक घराला गाडीची एक जागा ठेवावीच लागते. घरात गाडी असो नसो. धाकटीचं घर विषम बाजूला. तो बदल आला त्या दुपारी ताईनं अकरा गल्ल्यांचे, मिश्र वस्तीच्या निळ्या रंगाचे कागद कापले होते. पेन्सिलीची रेघ धरून कात्री चालवायची, रेघेवर कुणाचं घर आहे ते कोण वाचत बसतं? तो निळा कागद तिनं स्वतः चिकटवला होता. वरून हात फिरवून बुडबुडासुद्धा काढला होता.

खोली उभी राहायला दोन महिने लागले. बसड्रायव्हरनं रजा काढल्या, शिंप्यानं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून हात लावला. शटर गेलं. त्या जागी रुंद दार आलं, उंबरठा नसलेलं, आणि दारातून रस्त्यापर्यंत सिमेंटचा उतार. खिडकी खाली घेतली, खुर्चीतल्या माणसाची नजर जाईल इतकी. न्हाणीत धरायला लोखंडी दांडे. मापं सगळी टिल्लूनं वर बसून काढून दिली, अर्ध्या इंचाचासुद्धा घोळ झाला नाही.

खाली आल्यावर पहिल्याच सकाळी तो म्हणाला, “मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. कुणी मागे यायचं नाही.” धाकटी वरच्या खिडकीतून बघत उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. ती चपला घालून निघणार तेवढ्यात खुर्ची कोपऱ्यावरून वळली. पोरगा केस कापून आला होता. अडीच वर्षं बाप घरच्या कात्रीनं त्याचे केस भादरायचा. हा स्वतः न्हाव्याच्या दुकानात गेला, रांगेत थांबला, कानामागचे केस बारीक करायला सांगून आला. धाकटीनं ताईला फोन केला आणि फोनवर नुसती रडली. ताईला वाटलं काही वाईट झालं. मग कळलं, न्हाव्याकडे गेला म्हणून रडतेय, आणि तीही कामाच्या जागी पदर डोळ्यांना लावून बसली.

पुढे त्यानं खिडकीत बसून मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायला सुरुवात केली. लोक येता-जाता थांबायचे. चेहरे परत आले. असे अकरा महिने गेले.

मिश्र वस्तीतल्या रस्त्यांवर गाड्यांची गर्दी झाली म्हणून खात्यानं पाहणी काढली. घराच्या मंजूर नकाशात गाडीची जागा आहे, पण जागेवर दुसरंच काही आहे, अशी घरं शोधायची. चौसष्ट सापडली. चौसष्ट नोटिसा निघाल्या. त्यांवर शिक्के मारायचं काम चार नंबरच्या खिडकीकडे आलं. ताई एकेक कागद उचलत होती, शिक्का मारत होती. एकेचाळिसाव्या कागदावर बहिणीचा पत्ता होता.

तिला आधी वाटलं, पाहणी करणाऱ्यांची चूक. मग ती उठली. स्टुलावर चढली. गल्लीवर बोट ठेवलं. बोटाखाली निळा रंग होता. कडा एकदम सरळ, तिच्याच कात्रीच्या. ती स्टुलावर इतका वेळ उभी राहिली की बाहेरच्या रांगेतला म्हातारा म्हणाला, “ताई, माझं घर एवढं लांब नाही हो.”

एक गोष्ट तिच्या बाजूनं सांगायलाच हवी. ती लपून बसली नाही. त्याच संध्याकाळी बहिणीकडे गेली, टिल्लूला ऐकू जाणार नाही अशी वर स्वयंपाकघरात बसली आणि सगळं सांगितलं. “चूक माझी आहे. मी बघितलं नाही. तू म्हणाली होतीस बघ म्हणून.”

धाकटी खाली बसली. मग बसड्रायव्हर म्हणाला, “ताई, यातून वाट काय, ते तुम्हीच सांगा. अपंगांना सवलत असेल ना काही?”

“उताराची आहे, रुंद दाराची आहे. गाडीची जागा माफ करायची नाही. पण एक तरतूद आहे. खात्यातल्या माणसाच्या सांगण्यावर भरवसा ठेवून कुणी बांधलं असेल, तर साहेब ते बांधकाम कायम ठेवू शकतात. त्यासाठी सुनावणीत नाव घ्यावं लागतं. कुणी सांगितलं त्याचं. आणि त्या माणसानं, हो, मी सांगितलं, असं कबूल करावं लागतं.”

“आणि मग त्या माणसाचं काय होतं?” धाकटीनं विचारलं.

“चौकशी बसते. निलंबन होतं. पुढे मग काय व्हायचं ते.”

ताईच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते.

“तू नाव घे माझं,” ताई म्हणाली. “मी हो म्हणेन.”

ती हे मनापासून म्हणाली. बहिणीच्या स्वयंपाकघरात, हातात चहाचा कप असताना, आपण सगळेच शूर असतो. धाकटी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

सुनावणी खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती, त्यामुळे टिल्लूला नेता आलं नाही. नगररचना खात्याची लिफ्ट बंद आणि ती दुरुस्त करू शकणारा मुलगा घरी खुर्चीत बसलेला. आता यावर हसावं की डोकं आपटून घ्यावं ते तुम्हीच ठरवा.

आत लांब टेबल. टेबलाच्या त्या बाजूला साहेब, तरुण, चष्मेवाला, माणूस म्हणून बरा. त्यांच्या शेजारी नियमांचं पुस्तक घेऊन ताई. दर सुनावणीला तिनं तिथे बसायचं आणि साहेबांना हवा तो नियम काढून द्यायचा, हे तिचं कामच होतं. या बाजूला धाकटी आणि तिचा नवरा. ताई त्यांची कोण ते साहेबांना माहीत नव्हतं.

साहेबांनी कागद वाचला, फोटो बघितले. उताराचा फोटो जरा जास्त वेळ बघितला. मग चष्मा काढून म्हणाले, “मुलासाठी केलंत, मला समजतंय. पण नियमात जागा सापडल्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत. मला एक सांगा. हे चालेल असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? आमच्या खात्यातल्या कुणी?”

त्यांनी दार उघडून ठेवलं होतं, नुसतं आत यायचं बाकी होतं.

धाकटी टेबलाकडे बघत म्हणाली, “नाही साहेब. आमचं आम्हीच केलं.”

बसड्रायव्हरनं तोंड उघडलं. धाकटीनं टेबलाखाली त्याचा हात दाबला. ताईला तो दाबलेला हात दिसला.

“नीट आठवा,” साहेब म्हणाले. “घाई नाही.”

“नाही साहेब.” आणि मग धाकटीनं मान वर केली आणि ताईकडे बघितलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. लहानपणी एखादी गोष्ट ताईच्या हातात देऊन ती जशी बाजूला उभी राहायची, तशी.

साहेब ताईकडे वळले. “ताई, मग ती भरवशाची तरतूद इथे लागू होत नाही ना?”

सगळी खोली तिच्या तोंडाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांपुढे चार नंबरची खिडकी आली, तिच्यावर लावलेली चौकशीची नोटीस आली, खात्यातली माणसं कुजबुजताना दिसली, रिकाम्या घरात एकटी बसलेली ती स्वतः दिसली. धाकटीनंच नाही म्हटलंय, तिचं बोलणं मी कसं खोडू, असंही तिनं तेवढ्या क्षणात मनाशी जुळवून घेतलं. माणूस घाबरला की त्याला कारणं फार चटकन सुचतात.

“नाही साहेब,” ताई म्हणाली. “लागू होत नाही.”

आवाज खिडकीतल्यासारखाच होता, स्पष्ट आणि समजेल असा.

हुकूम झाला. तीस दिवसांत खोली काढून गाडीची जागा पूर्ववत करायची. त्याच तीस दिवसांत नवी माहिती पुढे आली तर फाइल पुन्हा उघडता येईल. त्यानंतर नाही.

त्या तीस दिवसांत ताईनं जबाब लिहिला, द्यायला म्हणून चांगला सात-आठ वेळा बाहेर काढला. कागद पर्समध्ये असायचा. आज गर्दी आहे, उद्या देते. उद्या साहेब दौऱ्यावर होते. परवा दुसऱ्या एका कारकुनाची बदली झाली आणि सगळं खातं धास्तावलं, आज नको. बहिणीकडे जायची तिची हिंमत झाली नाही, चार रविवार तिनं अंगात कणकण आहे म्हणून काढले. मी तिची बाजू घेत नाही. फक्त एवढंच सांगतो की ती रोज सकाळी खरंच द्यायचं ठरवून निघायची आणि रोज संध्याकाळी तो कागद घेऊन परत यायची.

तिकडे धाकटीनं तिसाव्या दिवसापर्यंत एक वीट हलवू दिली नाही. नवऱ्यानं दोनदा विचारलं, शिंप्यानं विचारलं. ती म्हणायची, “थांबा, अजून मुदत आहे.” तिसाव्या दिवशी दुपारी मात्र ती स्वतःच म्हणाली, “काढा.” आधी न्हाणीतले दांडे निघाले. मग खिडकी. मग तो उतार फोडला. शटर परत बसवलं. बसड्रायव्हरच्या पाठीत आता टिल्लूला उचलायची ताकद राहिली नव्हती, म्हणून डेपोतले चार ड्रायव्हर आले आणि त्यांनी त्याला खुर्चीसकट, वाकडा करत करत, जिन्यावरून वर नेलं. त्या दिवशी टिल्लूनं एकही विनोद केला नाही असं शिंपी नंतर सगळ्यांना सांगत होता.

बत्तिसाव्या दिवशी ताईनं जबाब दिला.

साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग दार लावलं आणि बसून पुन्हा वाचला. “ती तुमची सख्खी बहीण?”

“हो.”

“ताई, मुदत परवा संपली.”

“ठाऊक आहे साहेब.”

साहेबांनी कागदावरची तारीख पुन्हा बघितली. “आता यानं काही बदलत नाही. ती खोली परत येत नाही. फक्त तुमची चौकशी लागेल, आणि तीही कशासाठी?” त्यांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली. “हा मी बघितलेला नाही. घरी जा आज.”

ती रागावून काही बोलेल, आग्रह धरेल, निदान कागद टेबलावर ठेवून निघेल असं तुम्हाला वाटेल. तिनं तो घेतला. आणि खरं सांगायचं तर तो परत हातात आल्यावर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. तशीच ती बहिणीकडे गेली.

दुपारची वेळ. शटर बंद. फोडलेल्या उताराच्या जागी मातीचा ओला पट्टा होता. जिना चढून ती वर आली. धाकटीनं दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. राग नाही, काही नाही. राग असता तर बरं झालं असतं. टिल्लू पलीकडच्या खोलीत होता, रेडिओ चालू होता.

“मी लिहून दिलं,” ताई हळूच म्हणाली. “की मी सांगितलं होतं तुला. साहेबांना दिलं.”

धाकटीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. नुसत्या क्षणापुरता, पण ताईनं तो बघितला. “मग?” ती म्हणाली. “मग काय म्हणाले ते?”

“म्हणाले, मुदत संपली परवा.”

धाकटीनं पाण्याचा पेला तिच्या हातातून घेतला, ओट्यावर ठेवला. “तीस दिवस होते ना गं?”

“हो.”

“तुला ठाऊक होतं ते.”

“हो.”

“सगळ्या गावाच्या मुदती तुला पाठ,” धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “मी तुझं नाव का घेतलं नाही, माहितीये? टिल्लूनं मला घेऊ दिलं नाही. आदल्या दिवशी मी सगळं सांगितलं त्याला. तर म्हणाला, आई, नाव घेतलंस तर मावशीला पकडून दिल्यासारखं होईल. ती तिथे साहेबाच्या शेजारीच बसणार आहे. ती स्वतःहून बोलेल. तिला स्वतःहून बोलू दे.”

ताईनं पलीकडच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

“घरी आले तर दारातच विचारलं त्यानं, मावशी काय म्हणाली. तोंड बघायला हवं होतंस त्याचं.” धाकटीनं ओट्यावरचा पेला पालथा घातला. “मला नाही सांगता आलं ताई. मी सांगितलं, मावशी बोलली, सगळं बोलली, पण साहेबांनी ऐकलं नाही. खोली तर जाणारच होती. मावशी कशाला घालवू त्याची?”

पलीकडून हाक आली. “आई, कोण आलंय? मावशी का?”

दोघी उठल्या. टिल्लू खिडकीत होता. केस वाढले होते. गालांची हाडं वर आली होती. ताईला बघून तो हसला.

“चार रविवार दांडी,” तो म्हणाला. “मला वाटलं, आमच्यापायी तुला घरी बसवलं की काय. आईला रोज विचारत होतो. काही केलं नाही ना गं तुला?”

“नाही रे,” ताई म्हणाली. “काही नाही केलं.”

“सुटलीस. मला त्याचाच घोर लागला होता. खोलीचं काय, अडीच वर्षं काढलीच होती इथे.” त्यानं तिचा हात धरला. “पण मावशी, तू बोललीस ना सगळ्यांसमोर. मी त्या रात्री नीट झोपलो, खरंच सांगतो. आईला नीट सांगता येत नाही, दोन वाक्यांत उरकते. तू सांग ना. काय म्हणालीस साहेबाला? शब्दन् शब्द सांग.”

ताईनं मागे बघितलं. धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“सांग ना ताई,” ती म्हणाली. “काय म्हणालीस ते सांग त्याला.”

ताईनं हात सोडवून घेतला नाही. मग ती बोलायला लागली. “मी उभी राहिले,” ती म्हणाली. “म्हटलं, साहेब, थांबा. या बाई माझ्या सख्ख्या बहीण आहेत. यांना मी सांगितलं होतं. यांनी मला दोनदा विचारलं, नकाशा बघ म्हणाल्या, मी उठले नाही. परक्या माणसासाठी उठते, यांच्यासाठी उठले नाही. चूक यांची नाही, खात्याची नाही, माझी आहे. जी काय चौकशी लावायची ती माझ्यावर लावा. पण त्या खोलीत माझा मुलगा राहतो. अडीच वर्षांनी तो आपला आपण रस्त्यावर गेला आणि केस कापून आला. ती खोली त्याच्याकडून काढून घेऊ नका.”

एकही शब्द अडखळला नाही. मागोमाग तरतुदीचा नंबरसुद्धा तिनं बरोबर सांगितला. धाकटी तोंडात पदर घालून स्वयंपाकघरात निघून गेली.

टिल्लूचे डोळे भरले होते.

“एवढं बोललीस,” तो म्हणाला, “आणि तरी ऐकलं नाही त्यानं?”

“नाही रे बाळा,” ताई म्हणाली. “नाही ऐकलं.”